मोरीचा डबा घेऊन बंगळूरला

आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी मी बंगळूरचं प्रवासवर्णन लिहावं, असं ग्रंथपालांनी मला तीनदा सांगितलं. गावातला माणूस मुंबई सोडून दुसरीकडे कुठे गेला की त्याच्याकडून चार पानं लिहून घ्यायची, ही आपल्या वाचनालयाची जुनी खोड. मी धंद्याने शिंपी. काजं-बटणं करणाऱ्याला बागा आणि राजवाडे काय सांगता येणार, आणि तिथे मी बागा पाहायला गेलोही नव्हतो. जे पाहिलं तेवढंच लिहितो. कुणाला आवडेल असं वाटत नाही, आपल्या बंदरावरच्या मंडळींना तर मुळीच नाही.

माझी धाकटी बहीण कुसुम बंगळूरला दिली आहे. आमचे मामा पलटणीत होते, त्यांच्या ओळखीतून ते स्थळ आलं. घराणं मराठ्यांचं, पण तीनशे वर्षांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेलं. भावोजी शंकरराव एका कारखान्यात फिटर आहेत. त्यांचं कार्ड आलं की कुसुमच्या हातापायांना सारख्या मुंग्या येतात, चालताना झोक जातो, नजरही कमी झाली आहे. बाळंतपणाला चार महिने झाले तरी उतार नाही, तर एकदा येऊन जावं. शंकरराव कार्डावर दोन ओळींच्या वर लिहीत नाहीत. त्यांनी सहा लिहिल्या होत्या, तेव्हाच मी मशीन झाकून ठेवलं आणि निघायचं ठरवलं.

आईने त्याच दिवशी मोरीचा डबा भरला. मोरी म्हणजे काय हे मालवणात सांगायला नको, पण हा अंक घाटावरही जातो म्हणून सांगतो. मोरी म्हणजे शार्क मासा. लहान मोरी सगळेच खातात. खोल पाण्यातली माणसाएवढी मोरी मिळाली तर तिचे तुकडे मीठ लावून वाळवतात. बाळंतिणीला मोरी दिली की दूध उतरतं, असं आपल्याकडे आजी-पणजीपासून मानतात. कुसुमला पाचवा महिना लागल्यापासून आई दर महिन्याला मोठ्या मोरीचं पार्सल धाडत होती. बंदरावर स्वतः उभी राहून निवडायची. घरी आम्ही बांगडे-तारल्यांवर भागवत होतो, मोठं ते लेकीसाठी.

गोव्याची सरहद्द उठून सात-आठ वर्षं झाली होती, तरी आमची एस.टी. आंबोलीच्या घाटातूनच बेळगावला जायची. बेळगावात आगगाडीत बसलो. डबा बाकाखाली सारला होता, पण वासाला बाक आडवं येत नाही. हुबळीपर्यंत निम्मी माणसं खिडकीकडे सरकली. समोरचे धारवाडचे एक गृहस्थ मोठ्या अदबीने मला विचारते झाले, “डब्यात कोण वारलंय म्हणायचं?” मी म्हटलं, बहिणीचं औषध आहे. ते ‘सरी, सरी’ (बरं, बरं) म्हणाले आणि त्यांनी उपरणं नाकाला लावलं. पुढे काळी जमीन संपली, सकाळी अर्सिकेऱ्याची नारळाची झाडं दिसली तेव्हा घरचं काहीतरी पाहिल्यासारखं वाटलं. मग नुसते खडक, मधूनमधून नाचणीची शेतं, आणि हवेत अशी थंडी की मी पिशवीतला टॉवेल कानाला गुंडाळला.

स्टेशनावरून जटका (तिकडचा टांगा) करून चामराजपेटेत पोचलो. जुनी वस्ती, एकाला एक लागून घरं, दारात रांगोळ्या, आणि प्रत्येक ओटीवर काही ना काही धंदा चाललेला. कुसुम दारात आली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याआधी तिने पायाने जमीन दोनदा चाचपली, काळोखात उतरल्यासारखं, आणि बाहेर तर लख्ख ऊन होतं. मी तिच्या हातात डबा दिला. तो तिच्या हातून सरळ खाली पडला. तिने पकड सैल केली नव्हती, डबा निसटलेला तिला कळलाच नव्हता.

आत पाळण्यात चिमी होती. शिंप्याची नजर आधी कपड्यावर जाते. चिमीच्या झबल्याचे बंद बांधलेले नव्हते, तिथे मोठी टाचणी टोचली होती. कुसुमला दहाव्या वर्षी मीच काजं करायला शिकवलं. तिचं काज गावात ओळखू यायचं. मी टाचणीकडे पाहतोय हे तिच्या लक्षात आलं, पण त्यासाठी तिला सगळं तोंड माझ्याकडे वळवावं लागलं, कडेचं तिला दिसत नव्हतं.

“बोटां माझी नाय असा वाटता, दादा,” ती म्हणाली. “ओठ पण.”

तिच्या सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात. काटकीसारखी बाई, आवाज मात्र चार घरं ऐकतील असा. मला त्या अण्णा म्हणू लागल्या, कारण तिकडे पाहुण्याला तसंच म्हणतात. दुपारी त्यांनी मुद्दे (नाचणीच्या पिठाचे उकडलेले गोळे) आणि मटणाचं सारू वाढलं. मुद्दे चावायचे नसतात, सारात बुडवून गिळायचे असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपला चावत बसलो आणि माझे वरचे-खालचे दात एकमेकांना चिकटले. अक्का, शंकरराव, कुसुम सगळेच हसले. कुसुमचं हसू ओठांच्या एकाच बाजूने आलं. मीही हसलो, पण मुद्द्यांची चव काही मला सांगता येणार नाही.

त्या घरात समुद्राचा मासा कुणी खात नाही. वासच सोसत नाही त्यांना. म्हणून कुसुमची मोरी परसात वेगळ्या चुलीवर शिजायची, वेगळ्या पितळी पातेल्यात, आणि खायची ती एकटीच. रोज दोन वेळा. परमुलखात, परभाषेत दिलेल्या मुलीला ताटात एवढंच काय ते आपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी मला परसात बोलावलं. नेहमीचा आवाज कुठे गेला कोण जाणे, इतक्या हळू बोलल्या की मला वाकावं लागलं.

“अण्णा, स्वल्प ऐका. तिच्या दुखण्याला मी कारण आहे. कल्हईवाला आला तेव्हा घरातली सगळी भांडी दिली, तिचं पातेलं नाही दिलं. वास मारतं म्हणून दूर ठेवलं. त्याला आत किलुबु धरलाय. तेच तिच्या पोटात जातंय.”

किलुबु म्हणजे आपला कळक. मी पातेलं उलटं करून पाहिलं. कल्हई कधीच उडाली होती आणि काठाखाली हिरवी रेघ स्पष्ट होती. त्यात कुसुम कोकम घालून मोरी शिजवायची. पितळेत आंबट शिजवलं की अन्न कळकतं, हे कुणाला ठाऊक नाही? अक्का दोन महिने ही गोष्ट मनात घेऊन देवळाच्या फेऱ्या घालत होत्या, आणि मुलाला सांगायची हिंमत होत नव्हती. मला त्यांचा राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. दुखणं सापडलं होतं आणि ते चार घटकांत घासून काढण्यासारखं होतं.

मार्केटाकडच्या रस्त्यावर एक कल्हईवाला बसतो, त्याच्याकडे मी ते पातेलं स्वतः घेऊन गेलो. भात्याने निखारे फुलवले, नवसागराचा धूर डोळ्यांत गेला, आणि पातेलं आतून चांदीसारखं होऊन आलं. आजूबाजूला फुलांच्या राशी, सुपाऱ्या, उदबत्त्यांची दुकानं होती. तो बाजार पाहण्याजोगा आहे असं सगळे म्हणतात. मी पातेल्यात माझं तोंड पाहत घरी आलो.

त्या दिवशी मोरी मी शिजवली. आईने दिलेल्या डब्यातले जाड जाड तुकडे घेतले, खोबरं वाटलं, तिरफळं घातली. कुसुमने दोनदा मागून घेतली. आवशीच्या, म्हणजे आईच्या, हातची लागते, म्हणाली. अक्का दाराआडून पाहत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी उजेड आला असेल. मीसुद्धा स्वतःवर खूश होतो.

पुढच्या दिवशी शंकररावांनी रजा घेतली आणि आम्ही दोघे पेटेतल्या डॉक्टरांकडे गेलो. आजवर कुसुमला त्यांच्याकडे अक्काच नेत असत. म्हटलं, पातेल्याचं सांगून यावं, औषध त्याप्रमाणे बदलतील. डॉक्टर मध्यमवयीन, भला माणूस. कुसुमचं नाव सांगताच त्यांनी कन्नडात विचारलं (शंकरराव मला मराठीत सांगत होते), घरामागे चुना आणि फिनेल टाकलं का? शंकरराव म्हणाले, दर आठवड्याला टाकतो. मग झाकलं का? काय झाकायचं, शंकरराव म्हणाले. डॉक्टरांनी कुसुमचा कागद काढला आणि त्यावर बोट ठेवलं. तिथे इंग्रजीत ‘ड्रेन’ लिहिलं होतं.

हळूहळू उलगडा झाला. अक्कांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की घरात मोरी आल्यापासून हे सगळं सुरू झालं, मोरीच्या वासाने जीव नको होतो. शब्द त्यांनी कुसुमचाच वापरला, आणि कन्नडात, घाटावरच्या मराठीसारखंच, मोरी म्हणजे सांडपाण्याचं गटार. डॉक्टरांनी विचारलं, उघडी की बंद? अक्का म्हणाल्या, परसात, उघड्यावर. झालं. दोन महिने माझ्या बहिणीला गटाराच्या पाण्याने होणाऱ्या तापाची औषधं मिळत होती, आणि घरातले चुना-फिनेल ओतत होते, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. बाईने मासा सांगितला आणि डॉक्टराने गटार ऐकलं. अक्कांना जे कळलं होतं ते बरोबर होतं, निदान आरंभी तरी, पण त्यांच्याच बोलीने ते झाकून टाकलं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. कोणता मासा, केवढा, रोज किती, किती महिने, असं एकेक विचारत गेले. पातेल्याचं मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. कळकाने उलट्या होतात, म्हणाले, नजर जात नाही. आपलं चुकलं असं त्यांनी सरळ कबूल केलं आणि मोठ्या इस्पितळातल्या एका वयस्कर डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. ते मंगळूरकडचे आहेत, त्यांना मासा कळतो, म्हणाले.

अक्का घरी राहिल्या, त्या इस्पितळात बाकी आम्ही सगळे गेलो, चिमीसुद्धा. घरून निघताना मी कुसुमला गटाराची गोष्ट सांगितली. ती एवढी हसली की तिला भिंत धरावी लागली. त्या प्रवासात मी तिला मोकळेपणी हसताना पाहिलं ते तेवढंच.

मंगळूरच्या डॉक्टरांची कोकणी आणि माझी मालवणी दोघींची एकमेकींशी ओळख निघाली, त्यामुळे मधे दुभाषा लागला नाही. त्यांनी कुसुमच्या बोटांना टाचणी टोचली, फरशीच्या रेघेवरून चालवलं, कानापासून बोट हळूहळू पुढे आणत कधी दिसतं ते विचारलं. मोरी म्हणताच ते समजले. त्यांच्याकडेही बाळंतिणीला देतात, ताटे म्हणतात तिला. मग त्यांनी विचारलं की घरी तुम्ही सगळे हेच खाता का. मी सांगितलं, आम्ही बारीक मासळी खातो, मोठी मोरी हिच्यासाठी राखून ठेवतो. त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

ते म्हणाले, परदेशात एका खाडीकाठच्या गावात माणसांना असाच आजार झाल्याचं त्यांनी वाचलं आहे. तिथे कारखान्याच्या पाण्यातून पारा माशांत गेला होता आणि माशांतून माणसांत. आपल्या खोल समुद्रात कुणी कारखाना घातलेला नाही. पण मोठा मासा लहान माशाला खातो, त्याला आणखी मोठा खातो, आणि पाण्यात जो काही थोडा पारा असेल तो त्या सगळ्यांच्या अंगातून सरतेशेवटी सर्वांत मोठ्या, म्हाताऱ्या माशात साठत असावा. मिठाने जात नाही, शिजवून जात नाही. थोडा कुणी कधी खाल्ला तर एरवी कळणारही नाही. हिने नऊ महिने दोन्ही वेळा खाल्ला आहे.

मी विचारलं, हे नक्की आहे का. माझा आवाज चढला असावा. आमची सगळी बंदरपट्टी डोळ्यांपुढे होती आणि हा म्हातारा खुर्चीत बसून तिला विष म्हणत होता.

“नक्की नाही. माशातला पारा मोजून देईल असं इथे मला कुणी माहीत नाही,” ते शांतपणे म्हणाले. “मी चुकलो तर हिचं एक कालवण बंद होईल. तुम्ही चुकलात तर हिचे डोळे जातील.”

मग त्यांनी बाळाला आजपासून वरचं दूध द्यायला सांगितलं.

कुसुमने चिमीला छातीशी घट्ट धरलं. “चिमीच्या पोटात पण गेला काय ता?”

डॉक्टरांनी चिमीच्या डोळ्यांपुढे किल्ल्यांचा जुडगा हलवला. चिमीने तो पाहिला, मग पाहिनाशी झाली. बघत राहू, असं म्हणून त्यांनी पुढची तारीख लिहून दिली.

लालबाग मी पाहिली ती अशी. इस्पितळातून परतताना चिमी रडू लागली म्हणून आम्ही तिथल्या एका बाकावर बसलो आणि शंकरराव दूध शोधायला गेले. मोठमोठी झाडं होती, फुलांचे वाफे होते, ओळीने शाळेच्या मुली चालल्या होत्या. कुसुमचं पोलकं दुधाने भिजलं होतं. चिमी त्या वासाने तोंड घुसवत होती आणि कुसुम पदर दाबून धरून तिला दूर ठेवत होती. भुकेल्या पोराला आईने हाताने दूर सारलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा पाहायची वेळ माझ्यावर येऊ नये.

“एक दिवस सोडूक नाय, दादा,” ती म्हणाली. “कंटाळो इलो तरी खाल्लंय. दूध कमी पडात म्हणान.”

मला रडू आलं. मी तोंड फिरवलं, पण तिला तसंही कडेचं दिसत नव्हतं, तेव्हा लपवायची गरज नव्हती.

घरी आल्यावर उरलेली मोरी अक्कांनी आणि मी परसात खड्डा खणून पुरली, कुत्री उकरतील म्हणून वर धोंडा ठेवला. हात धुताना अक्कांनी मला विचारलं, म्हणजे पातेल्यामुळे नव्हतं ना? मी नाही म्हटलं. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच लाजून तोंडाला पदर लावला. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या घरात निदान एक माणूस तरी सुटलं.

आणखी चार दिवस राहून मी निघालो. गाडीत पूर्ण वेळ एकच विचार होता, आईला काय सांगायचं. आपण दूरच्या माणसाला जे धाडतो ते निवडून निवडून, घरच्यांच्या तोंडचं काढून धाडतो. तसं धाडताना कुणाच्या मनात शंका यावी तरी कशी? आई बंदरावर लहान मोरीला हात लावत नव्हती. माझ्या लेकीला नको ती काटकुळी, म्हणायची. तिने माया थोडी कमी केली असती, चार तारल्या वाळवून पाठवल्या असत्या, तर कुसुम आज सुईत दोरा ओवत असती. बेळगाव येईपर्यंत मी ठरवलं होतं की आईला हे सांगायचं नाही, बाळंतवाताचं काहीतरी सांगून निभावून न्यायचं.

घरी पोचलो तर आई मागल्या अंगणात बसून मोठ्या मोरीला मीठ चोळत होती. पुढच्या पार्सलाची तयारी. ते पाहिलं आणि माझा सगळा निश्चय पाण्यात गेला. अंगात शीण होता, पोटात राग होता, कुणावर ते मलाच माहीत नव्हतं. पिशवी खांद्यावर असतानाच मी तिला सगळं सांगून टाकलं. पारा, डोळे, बोटं, चिमीचं दूध, काही म्हणून ठेवलं नाही. मी थांबल्यावर तिने हात धुतले, पुन्हा धुतले.

“दूध येवचा म्हणान धाडलंय रे,” एवढंच ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिने मासळीला हात लावलेला नाही. बंदरावर मी ही गोष्ट सांगितली तर लोक म्हणाले, आपले आजे-पणजे मोरी खाऊनच मेले काय? मी डॉक्टर नाही आणि त्या डॉक्टरांनाही खात्री नव्हती. मी फक्त बहिणीची बोटं पाहिली आहेत.

मी आल्यानंतर आठव्या दिवशी कुसुमचं पत्र आलं, तिच्या हातचं. एकेक अक्षर सुपारीएवढं, ओळी खाली उतरलेल्या. ते लिहायला तिला दोन दिवस तरी लागले असतील. मुंग्या थोड्या कमी आहेत, नजर अजून तशीच आहे, चिमी वरचं दूध पिते, असं लिहून पुढे म्हटलं होतं: “आवशीक ह्यातला कायएक सांगू नको. तिका सांग, मोरी संपली, आणखी धाड. इली काय मी नि अक्का परसात पुरू.”

आईला वाचता येत नाही. ती माझ्यासमोर येऊन बसली होती आणि कागदाकडे पाहत होती.

“माझ्यार रागावली काय ती?” तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. मग आवशीला सांगू नको म्हटलेला तो शेवटचा मजकूर सोडून बाकीचं पत्र मी तिला वाचून दाखवलं.